गुरांच्या बाजाराला कमानीआधी रॅम्प हवा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात सात महिन्यांची गाभण गाय विकायला आम्ही बाजारात नेली. बाजाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतले बरेच बाजार मी पाहिलेत. जे घडलं ते त्यांतल्या कुठेही घडलं असतं.

पिकअप मागे घेऊन मातीच्या ढिगाऱ्याला लावली. बाजारात गुरं उतरवायची सोय तेवढीच. ढिगारा पावसाने खचलेला, गाडीचा मागचा फाळका आणि माती यांच्यात वीतभर फट. भावाने पुढून कासरा धरला, मी बाजूला. गाय फटीपाशी आली, मान खाली घालून तिने वास घेतला आणि थांबली. तिला दोन मिनिटं मिळाली असती तर ती आपणहून उतरली असती. पण मागच्या टेम्पोने हॉर्न लावला आणि कुणीतरी तिची शेपटी पिरगाळली. तिने उडी घेतली, मागचा पाय फटीत गेला आणि ती पुढच्या गुडघ्यांवर कोसळली. भावाने कासरा हाताला गुंडाळलेला होता, त्या हिसक्यात त्याचं बोट मोडलं. गाईचा एक सड सोलून निघाला. डॉक्टरांनी तपासून गर्भाला धोका नाही म्हटल्यावर आमच्या जिवात जीव आला. गाय न विकताच घरी आणली.

याला नशीब म्हणायला मी तयार नाही. गाडीच्या फाळक्याची उंची साधारण तीन फूट. नऊ फूट लांबीचा सिमेंटचा रॅम्प केला तर चढ वीस अंशांच्या आत राहतो आणि गाय न घाबरता चालत उतरते. त्यावर दहा सेंटीमीटर उंचीच्या आणि तीस सेंटीमीटर रुंदीच्या बुटक्या पायऱ्या काढल्या की खूर घसरत नाही. दोन्ही बाजूंना भरीव भिंत हवी, म्हणजे शेजारची गर्दी तिला दिसत नाही. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे थेट पाठीमागचा भाग सोडला तर तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. वाटेत पडलेली सावली, कुंपणावर वाळत घातलेला टॉवेल, उघडी चारी अशा आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींना ती थबकते. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या प्राध्यापक बाईंनी आयुष्यभर गुरांच्या नजरेने वाडे आणि वाटा पाहिल्या आणि भरीव भिंतींच्या वळणदार वाटा आखून दिल्या. गुराच्या खांद्याच्या मागे उभं राहिलं की ते पुढे चालतं, खांद्याच्या पुढे गेलं की मागे सरतं, हेही त्यांनी शिकवलं. आमच्या आजोबांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते असंच गुरं वळायचे. बाजार बांधणाऱ्यांनी मात्र ते लक्षात घेतलेलं दिसत नाही.

नियमही नवे नाहीत. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम 1978 सालचे आहेत. गुरं चढवताना योग्य दोर आणि फलाट वापरावा, गाडीत न घसरणारं काथ्याचं जाजम किंवा फळ्या असाव्यात, एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नसावीत, असं त्यांत लिहिलेलं आहे. मोटार वाहन नियमांत गाय-म्हशीला प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. रस्त्यावर गाडी अडवून गुरं मोजली जातात, आणि तो नियम पाळलाच पाहिजे. पण जिथे ती गाडी भरते आणि रिकामी होते, तिथे फलाट कुठे आहे हे कोण विचारणार?

दुसरी गोष्ट खोड्याची, म्हणजे जनावर उभं धरून ठेवायच्या चौकटीची. पूर्वी गुराला वर्षातून एखाद्या वेळी पकडावं लागायचं. आता लाळ्या खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी असते, चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या रोगाची लस असते. शिवाय कृत्रिम रेतन आहे, गाभण तपासणी आहे. 2024 पासून कानात टॅग नसेल तर बाजारात खरेदी-विक्रीही होत नाही. हे सगळं योग्यच आहे. 2022 च्या लम्पीत बाजार बंद पडले तेव्हा आम्ही काय भोगलं ते आम्हाला ठाऊक आहे. पण प्रत्येक वेळी जनावर धरायचं कुणी? आमच्याकडे लस द्यायला डॉक्टर दारात येतात. एकजण वेसण धरतो, दुसरा गाय भिंतीला दाबतो आणि सुई टोचेपर्यंत सगळे श्वास रोखून असतात. ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची आहे. गाय उसळून ती सुई डॉक्टरांच्याच हाताला लागली तर आजार त्यांना होऊ शकतो. दवाखान्यापुढे लोखंडी पाइपचा खोडा असतो, तसा एक प्रत्येक वाडीत आणि बाजारात दोन-चार असले तर हे काम निवांत होईल.

यात पैशाचाही हिशेब आहे. दुभती गाय घेणारा बाजारातच धार काढून बघतो. ओढत, मारत उतरवलेली गाय भेदरलेली असते, ती पान्हा चोरते. घरी आठ लिटर देणारी तिथे पाचावर थांबते आणि भाव तिथेच पडतो. (भाव यावा म्हणून धार न काढता कास तुंबवून आणणारेही आमच्यातच आहेत. ते तितकंच वाईट आहे, तेही थांबलं पाहिजे.)

बाजार समिती प्रत्येक व्यवहारावर फी घेते. त्या पैशातून कमान उभी राहते, व्यापारी गाळे होतात. माझी मागणी एवढीच की त्याआधी चार गोष्टी व्हाव्यात: गाड्या लागतील असे दोन रॅम्प, तिथून सावलीतल्या दावणीपर्यंत भिंतीची वाट, पाण्याचा हौद आणि खोडे. पायाखाली गुळगुळीत कोबा नको, खाचा पाडलेलं काँक्रीट हवं. बैल, गाभण गाई आणि वासरं एकाच गर्दीत उभी करू नयेत, त्यांना वेगळे कप्पे करावेत.

आमच्या गावातले आम्ही काही दूधवाले बोललो आहोत. समितीने जागा आखून द्यावी. भरावाचा मुरूम आम्ही आमच्या ट्रॅक्टरने आणून टाकतो.

आपला,
एक दूधउत्पादक शेतकरी,
जि. अहिल्यानगर