ट्रे म्हणजे पायवाट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या टोलेजंग इमारतींचे फोटो आपल्या पानांवर येतात. त्यात झुंबर दिसतं, लॉबीची फरशी दिसते. छताच्या पोटातले आमचे केबल ट्रे, म्हणजे विजेच्या केबल ज्यावरून नेतात ते पत्र्याचे लांब ट्रे, दिसत नाहीत आणि दिसूही नयेत. तक्रार वेगळी आहे.

मी 18 वर्षं मोठ्या साइटवर ट्रे बसवतोय. इलेक्ट्रिशियन म्हणजे तारा जोडणारा, असा लोकांचा समज. आमचे महिनेच्या महिने तारेला हात न लावता जातात. स्लॅबला भोकं पाडायची, फास्टनर ठोकायचे, 10 मिमीचे रॉड सोडायचे, त्यावर चॅनेल, चॅनेलवर ट्रे. दिवसभर मान वर करून ड्रिल मारलं की भुकटी चष्म्याच्या आतसुद्धा जाते.

ट्रे लागला की बाकीच्यांना तो रस्ताच वाटतो. साधा हिशेब बघा. मीटरमागे चार किलोची केबल धरली आणि अशा सहा टाकल्या, तर दीड मीटरच्या दोन आधारांमध्ये 36 किलो वजन येतं. तिथे 70 किलोचा माणूस उभा राहिला की भार जवळपास तिप्पट झाला.

एका साइटवर डक्टवाल्यांचा माणूस शिडी आणायचा कंटाळा करून आमच्या रिकाम्या ट्रेवर चढला. ट्रे पडला नाही. जोडपट्टी तेवढी वाकली आणि पत्र्याची कड वर आली. आठ दिवसांनी तिथूनच केबल ओढली, तर वरचं आवरण हातभर सोललं जाऊन आतलं आर्मर, म्हणजे पोलादी कवच, चमकायला लागलं. इन्सुलेशन तपासायच्या मेगर यंत्राचं रीडिंग ठीक आलं. मग काय, ‘टेप मार, चालतंय’ असा वरून निरोप. उघड्या आर्मरला पुढे ओल लागून गंज चढला, तर ते कुणाला दिसणार? मी केबल बदलायला लावली. त्यानंतर तीन दिवस साइटवर कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

नव्या पोराला आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो, बोल्टचं डोकं आत, नट बाहेर. नाहीतर आट्यांची टोकं केबल ओरबाडतात. कापलेल्या कडेला कानस मारून झिंकचा रंग लावायला लावतो. इतकं करायचं आणि वरून कुणीतरी बूट घालून चालत जायचं! आमच्याच रॉडला पाण्याचा पाइप टांगणारेही भेटतात. त्यांना काही म्हटलं तर उत्तर ठरलेलं, ‘मजबूत आहे की.’

माझं मागणं मोठं नाही. वर काम करणाऱ्या प्रत्येक ट्रेडच्या शिडी-मचाणाचा खर्च कंत्राटातच धरावा. फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी ट्रेचा प्रत्येक जोड कुणीतरी डोळ्यांनी बघावा. आणि बघायला येणाऱ्या साहेबांनीही, कृपा करून, शिडीवरूनच बघावं.

आपला,
एक इलेक्ट्रिशियन