चहापाण्याला किती द्यायचे?

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा अमेरिकेतून फोनवर तू विचारलंस, "तिकडं ड्रायव्हरला, जेवण आणून देणाऱ्या पोरांना हल्ली वर किती द्यायचे रे? इथं वीस टक्के दिल्याशिवाय चालत नाही." मी "दे की काहीतरी" म्हणून विषय सोडला. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते उत्तर मलाच टोचायला लागलं. म्हणून आता सावकाश लिहितोय.

तुला सांगायचं राहून गेलं. धाकट्या बहिणीचा मुलगा डिप्लोमा करून बसला होता. नोकरी लागेपर्यंत म्हणून त्यानं डिलिव्हरीचं काम धरलं. आमच्याकडेच राहतो. गेल्या जुलैतली गोष्ट. आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊक आहे, एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडीप नाही. रात्री साडेअकराला पोरगं दारात आलं. रेनकोटमधून पाणी निथळत होतं. मोबाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. बोट ओलं असलं की पडद्यावर चालत नाही, म्हणून दर वेळी शर्टाच्या आतल्या बाजूला बोट पुसायचं, मग ओटीपी टाकायचा. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. आत येऊन त्यानं खिशातल्या ओल्या नोटा काढल्या, जमिनीवर 'तरुण भारत' पसरला आणि एकेक नोट त्यावर वाळत घातली. पंखा लावला, कडेला चपला ठेवल्या.

मी सहज विचारलं, "किती झाले?" तर त्यानं रक्कम सांगितलीच नाही. नोटांवर बोट ठेवत म्हणाला, "मामा, ही वडगावच्या आजींची. जिना उतरून खाली आल्या बघ, मला वर चढू दिलं नाही. ही कॅम्पातल्या एका सरांची. ते कन्नडच बोलालते, मी 'ब्याड्री', म्हणजे नको हो, म्हटलं तर 'तगोरी, तगोरी', घे घे, म्हणून खिशातच घातली. आणि ही दहाची एका शाळकरी पोरीची, तिच्याकडं तेवढेच होते." सात नोटा होत्या. सातही कुणाच्या ते त्याला तोंडपाठ. त्या लोकांचं बिल किती झालं होतं, हे मात्र एकाचंही आठवत नव्हतं.

तेव्हाच टक्क्यांचा हिशेब माझ्या डोक्यातून गेला. हॉटेलात वाढप्याला बिलाच्या मानानं देणं एक वेळ समजू शकतो. पण या पोरांना कंपनी पैसे देते ते मुख्यतः अंतरावर. बाराशेची बिर्याणी पलीकडच्या गल्लीतून आली तर त्याला कष्ट थोडे. दीडशेची इडली गावातल्या गोवावेसकडून वाहतं पाणी तुडवत हिंडलग्याला न्यायची तर जीव निघतो. पेट्रोल त्याचं, गाडीचा हप्ता त्याचा, टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर मालगाडी जाईपर्यंत थांबायचं तेही त्यानंच. मग आपण वर काय द्यायचं ते त्याच्या त्रासाकडं बघून द्यावं, ताटातल्या पदार्थाकडं बघून नव्हे.

आमच्या घरी आता असं चालतं. दिवसाउजेडी, जवळून, कोरड्या हवेत काही आलं तर वीस रुपये. पाऊस, रात्री दहानंतर किंवा वरचे मजले असतील तर पन्नास. आईचं औषध मध्यरात्री मागवलं तर शंभर, आणि त्यात घासाघीस नाही. शक्यतो हातात द्यायचे. अ‍ॅपमधून दिलेले पोचतात, पण बाकीच्या हिशेबातून मागाहून. हातातली नोट त्याच रात्री पेट्रोल होते. सुटे नसतील तर त्याचा फोनपे विचारावा, लाजू नये. आणि पाणी विचारावं. आपल्या गल्ल्यांत घरं शोधणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. नकाशा गल्लीच्या तोंडाशी आणून सोडतो, गणपतीत तर मंडपामुळं गाडी आतच जात नाही. आपण चार पावलं बाहेर जाऊन उभं राहिलो तर त्याची दहा मिनिटं वाचतात. भाचा म्हणतो, कधीकधी ती दहा मिनिटं वीस रुपयांपेक्षा मोलाची असतात.

एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. काही अ‍ॅप गाडी मिळायच्या आधीच विचारतात, अजून तीस टाकता का, पन्नास टाकता का. गेल्या पावसाळ्यात आईला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा मी ते टाकत गेलो. तिसऱ्यांदा वाढवल्यावर गाडी मिळाली. ती खुशीनं दिलेली रक्कम नव्हती रे, तो लिलाव होता. मे 2025 मध्ये ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी, आपल्या शेजारच्या धारवाडचेच खासदार, यांनी यावर उघड आक्षेप घेतला. आगाऊ टिप मागणं अनैतिक आहे, टिप सेवेनंतर कौतुक म्हणून द्यायची असते, असं ते म्हणाले. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं एका मोठ्या कॅब कंपनीला नोटीसही काढली. मला ते शंभर टक्के पटलं. ज्याच्याकडं वर टाकायला पन्नास नाहीत त्याच्याही घरी म्हातारी आई असते.

रिक्षाचं वेगळं. तिथं मीटरवर बसणं अजून नशिबाचाच भाग, भाडं ठरवूनच चढायचं. ठरलेल्या भाड्यावर तुला वेगळं काही द्यायची गरज नाही, पण पाच-दहा सुटे परत मागू नकोस. दवाखान्याच्या दारात तासभर थांबला, आजारी माणसाला हात देऊन उतरवलं, तर पन्नास-शंभर जरूर दे. गेल्या वेळी तू सांबऱ्याच्या विमानतळावरून घरापर्यंत येताना पाचशेची नोट वर दिलीस. तुझं मन मोठं, पण मागाहून त्याच ड्रायव्हरनं आपल्या तात्यांकडंही तेवढेच मागितले आणि तात्या दोन दिवस गप्प होते. तू दोन आठवड्यांनी जातोस, इथला दर इथल्या माणसांना रोज द्यायचा असतो.

गोव्याला चोर्ला घाटातून जाणार म्हणालास. तिथं ड्रायव्हर दोन दिवस तुमच्याबरोबर असेल. ट्रॅव्हल्सवाले बिलात 'बाटा' लावतात, तो त्याच्या जेवणाखाणाचा. पण तो पूर्ण त्याच्या हातात पडतो का, हे त्यालाच विचार. मागच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा सकाळी गाडीची काच पुसलेली, आत सीट मागं पाडून तो झोपलेला, पाय डॅशबोर्डवर. आम्ही सगळे खोलीत एसी लावून झोपलो आणि घाटातल्या धुक्यातून आम्हाला सुखरूप आणणारा माणूस डासांत. मला अजून त्याचं वाईट वाटतं. आता खोली ठरवतानाच ड्रायव्हरच्या झोपायची सोय आहे का ते विचारतो. जेवायला आपण बसतो तेव्हाच त्यालाही बसवायचं. निघताना दिवसाला दोनशे-तीनशे हातात.

हे वर देणं आपल्याकडं नवीन नाहीच. दिवाळीला पोस्टमन, दूधवाला, गुरखा यांना पोस्त असायची, आठवतं? तुझी आई फराळाच्या पुडीत नाणं ठेवून द्यायची. फरक एवढाच, त्या माणसांची तोंडं वर्षभर ओळखीची होती. हा पोरगा उद्या परत येणार नाही, म्हणून आपला हात आखडतो.

आणि पगाराची जबाबदारी टिपवर ढकलणं मला मान्य नाही, तेही लिहून ठेवतो. तुमच्या शेजारी न्यूयॉर्कमध्ये 2023 पासून डिलिव्हरी करणाऱ्यांना तासाचा किमान दर ठरवून दिलाय, हे मी वाचलं. आपल्या कर्नाटकातही 2025 मध्ये गिग कामगारांचा, म्हणजे अ‍ॅपवरून काम घेणाऱ्या अशा पोरांचा, कायदा झाला. दर व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेवर 1 ते 5 टक्के शुल्क कंपनीनं कल्याण निधीत भरायचं. भाच्याला त्यासाठीच्या नोंदणीची मी रोज आठवण करून देतो. तो हो म्हणतो आणि गाडीला किक मारतो.

तिकीट पक्कं झालं की कळव. सांबऱ्याला मीच येतो, गाडी ठरवू नकोस. वीसच्या नोटांचं एक पुडकं तुझ्यासाठी बँकेतून आणून कपाटात ठेवलंय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आई विचारते, कुंदा किती किलो बांधायचा.

तुझाच,
तिसऱ्या बाकावरचा