हिरव्या यादीतली शेजारची नावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला खासदारांच्या ‘जाळ्या’वरचा लेख दोनदा वाचला. खासदार म्हणजे ठिपका, संसदेत एकच प्रश्न दोघांच्या नावाने आला की मध्ये रेघ, आणि रेघ जितकी जाड तितकी जवळीक. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण ‘पक्षापलीकडची मैत्री’ असा निष्कर्ष तुम्ही थेट मथळ्यात छापलात, त्याने रात्री झोप लागली नाही.

अकराव्या आणि बाराव्या लोकसभेत मी आमच्या भागातल्या एका खासदारांचा पीए होतो. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न लागतात आणि लेखी उत्तराचे २३०. प्रश्नांच्या सूचना, म्हणजे नोटिसा, त्याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून क्रम सोडतीने ठरतो. एकच प्रश्न तिघांच्या नावाने टाकला की सोडतीत तीन संधी. हे गणित आम्हा पीए मंडळींना पाठ होते.

दिल्लीत नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या जिल्ह्यातले विरोधी पक्षाचे खासदार राहत. त्यांचा पीए रात्री जेवण आटोपून आमच्याकडे यायचा. मी टाइपरायटरला कार्बन लावायचो, तो मजकूर सांगायचा. प्रश्न एकच, वर नावे वेगळी. सकाळी साहेब चहा घेता घेता सह्या करत, बहुतेकदा न वाचताच. १९९८ साली कांदा भडकला तेव्हा निर्यातीवरचा आमचा असाच एक प्रश्न लागला. तारांकित प्रश्नांची यादी तेव्हा हिरव्या कागदावर छापत. त्या हिरव्या कागदावर दोन्ही साहेबांची नावे शेजारी शेजारी आली.

त्या दोघांचे एकमेकांशी बोलणेही नव्हते. पुण्यातल्या एका लग्नात आमचे साहेब मांडवात शिरताच समोरचे खासदार अक्षता न टाकता उठून गेले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण आमच्या पक्षाच्या एका वरिष्ठांनी यादी वाचली आणि साहेबांना विचारले, “तुमचं त्यांच्याशी काय शिजतंय?” साहेब तडक फ्लॅटवर आले. गावाकडून कामे घेऊन आलेली दहा-बारा माणसे बसली होती. त्यांच्यासमोर ती यादी माझ्या अंगावर आली. दुसऱ्या दिवशी मला गावी धाडले. अधिवेशन संपेपर्यंत बोलावणे नाही आणि त्या महिन्याचा पगारही नाही. त्या वरिष्ठांनी केलेली चूकच तुमच्या लेखात रंगीत चित्रासकट झाली आहे, म्हणून मला हे इतके लागले.

साहेबांचे खरे जिवलग होते बंगालचे एक डावे खासदार. दोघे खासदारांच्या एकाच स्थायी समितीत. बैठकीला एका गाडीतून जात, आणि आमच्या घरची शेंगदाण्याची चटणी दर खेपेला त्यांच्यासाठी वेगळ्या बरणीत भरून न्यावी लागे. तुमच्या चित्रात या दोघांमध्ये एकही रेघ निघणार नाही, कारण बंगालच्या साहेबांचे प्रश्न कोलकात्याहून तयार होऊन येत.

लेखात अमेरिकेचा दाखला आहे. जेम्स फाउलर या अभ्यासकाने तिथल्या संसदेतली १९७३ ते २००४ या काळातली विधेयके घेऊन, कोणाच्या विधेयकाला कोणी सहप्रायोजक म्हणून साथ दिली, त्याचे जाळे मांडले. तिथे सही करायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. आपल्याकडे १९८५ साली राज्यघटनेत पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली, तेव्हापासून व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिले की खासदारकीवर गदा येते. शिवाय बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, म्हणजे कोणी काय मत दिले याची नोंदच राहत नाही. मग अभ्यासकाच्या हाती उरतात प्रश्न, आणि प्रश्नांची तऱ्हा वर सांगितलीच. आता सूचना ऑनलाइन जातात, कार्बनही लागत नाही. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या नावाने टाकणे आणखी सोपे झाले आहे.

जाळे काढायचेच असेल तर १९९३ पासूनच्या विभागनिहाय स्थायी समित्यांकडे जावे. एका समितीत आता दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य असतात, बैठका बंद दाराआड होतात, आणि कोण कोणत्या बैठकीला हजर होते ते अहवालासोबतच्या इतिवृत्तात छापलेले असते. वर्षानुवर्षे कोण कोणाबरोबर बसले, एवढे जरी मोजले तरी मी आनंदाने वाचेन.

जाता जाता आणखी एक. त्या चित्रातली नावे मुंगीएवढी आहेत, आणि दोन पक्षांना दिलेले केशरी व भगवा हे रंग छापून एकसारखे झाले आहेत. भिंग लावूनही मला साताऱ्याचा ठिपका सापडला नाही. चित्र पुन्हा, निदान अर्ध्या पानात छापावे. आणि मागच्या वेळी माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद कापला होता, तसा हा कापू नये.

आपला,
एक निवृत्त पीए, सातारा