लेकवुडच्या अनाम हातांचे आभार

ऑगस्ट २०१७ मधल्या हार्वी वादळाच्या पुरानंतर ह्यूस्टनमध्ये लेकवुड चर्चमधून घरोघरी साफसफाईला गेलेल्या सर्व स्वयंसेवकांचे मनःपूर्वक आभार.

आधी वीज बंद आहे ना हे पाहून तुम्ही भिंतींचं शीटरॉक, म्हणजे भिंतीला लावलेले जिप्समचे तक्ते, जमिनीपासून चार फुटांवर सरळ रेषेत कापलंत. चारच फूट, कारण आडवं लावलेलं शीट तेवढंच रुंद असतं; नवं नेमकं बसतं. मागचं इन्सुलेशन (उष्णता-थंडी अडवणारा थर) पाणी धरून ठेवतं, तेही ओढून काढलंत. बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते. ओल्या लाकडावर घाईने भिंत चढवली की ती आतून कुजते, हे घरमालकांना न कंटाळता समजावलंत. सडलेल्या अन्नासकट फ्रिज टेपने बंद करून रस्त्याकडेला नेणाऱ्यांना तर विशेष धन्यवाद. ते काम कोणालाच नको असतं.