गेममधला राजगड

महोदय,

व्हिडिओ गेम म्हणजे वेळेची नासाडी, असं मीही परवापर्यंत ठामपणे म्हणत होते. सुटीत माझ्या बारा वर्षांच्या मुलाने माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या गेममध्ये राजगड बांधायला घेतला. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या बालेकिल्ल्याभोवती कशा पसरल्यात हे कळावं म्हणून नकाशे धुंडाळले. संजीवनीची दुहेरी तटबंदी जमेना, तर तीनदा पाडून पुन्हा रचली. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना आपणही हेच करायचो की! तो वेळ वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

पैसे लावून खेळायचे गेम मात्र निराळे. त्यांनी घरं बुडवली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता दिली, ते योग्यच झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आहे तो खेळावरचा ताबा सुटणं, नुसतं खेळणं नव्हे. शाळांनी आणि पालकांनी सरसकट दटावण्याआधी एवढा फरक तरी करावा.

डिसेंबरात आम्ही राजगडावर जाणार आहोत. वाट मीच दाखवणार, असं मुलाने आत्ताच बजावलंय.

– एक आई, पुणे