प्रश्न धान्याच्या कोठारांचा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाज्वालामुखीच्या बातम्या बहुधा अमेरिकेतल्या यलोस्टोनपासून सुरू होतात आणि ‘तो कधी फुटणार?’ इथे संपतात. त्याची वेळ उलटून गेली आहे, असेही बिनदिक्कत छापले जाते. तिथले तीन महाकाय उद्रेक साधारण 21 लाख, 13 लाख आणि 6.4 लाख वर्षांपूर्वीचे. एवढ्यावरून चौथ्याची तारीख काढता येत नाही. अशा उद्रेकात माणसे कशाने मरतील, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते.

हजार घन किलोमीटरहून अधिक राख-दगड बाहेर पडले, तर तो महाउद्रेक. जवळचा प्रदेश तप्त लोटांखाली बेचिराख होतो, यात शंका नाही. दूरच्या माणसाला गाठतो तो गंधकाचा वायू. सल्फर डायऑक्साइड पावसाने धुऊन निघणार नाही इतक्या उंचीवर, स्थितांबरात जातो. तिथे त्याचे आम्लाचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते एक-दोन वर्षे ऊन परतवत राहतात. 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन वायू सोडला आणि पृथ्वीचे सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरले. पिनाटुबो तर महाज्वालामुखीही नव्हे.

1783 मध्ये आइसलंडमधली लाकीची भेग आठ महिने धुमसत होती. गवतावर फ्लोरिन बसले. ते खाऊन मेंढ्यांची हाडे वेडीवाकडी वाढली, दात झिजले, कळपच्या कळप गेले. मागोमाग बेटावरची सुमारे एक पंचमांश माणसे दगावली, मुख्यतः भुकेने. 1815 मध्ये इंडोनेशियातला टांबोरा फुटला. पुढच्या वर्षी युरोपात पिके शेतात कुजली, धान्याचे भाव भडकले, दंगे झाले.

सुमात्रातला टोबा सुमारे 74,000 वर्षांपूर्वी फुटला, तो या सगळ्यांहून कितीतरी मोठा. त्या वेळी मानवजात नामशेष होता होता वाचली, असे अनेकदा ठासून सांगितले जाते. पण आंध्रातल्या ज्वालापुरम येथे त्या राखेच्या खाली आणि वर सारख्याच धाटणीची दगडी हत्यारे सापडली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही माणसे टिकून राहिल्याचे दिसते. मला यातून दिलासा मिळत नाही. ती माणसे मोजकी होती, मिळेल ते खात होती, एक जागा सोडून दुसरीकडे जात होती. आज आठ अब्जांचे पोट मुख्यतः भात, गहू आणि मका यांवर चालते. लागोपाठ दोन हंगाम बुडाले आणि धान्य पिकवणाऱ्या देशांनी निर्यात बंद केली, तर आयातीवर जगणाऱ्यांनी जायचे कुठे?

महाउद्रेक कदाचित हजारो वर्षे होणारही नाही. टांबोराएवढे उद्रेक मात्र हजार वर्षांत एक-दोनदा होतात, आणि जगातल्या अनेक जागृत ज्वालामुखींवर आजही साधा भूकंपमापक नाही.

यापुढे यलोस्टोनची बातमी द्याल तेव्हा तिच्या शेजारी जगातला धान्यसाठा किती महिने पुरेल आणि संकटात धान्याचा व्यापार चालू ठेवण्याची कोणती तयारी आहे, याचीही माहिती द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक