पाऱ्याची जुनी उपकरणे भंगारात नकोत

मा. संपादक यांस,

दवाखान्यांतून पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबमापक जाऊन त्यांच्या जागी डिजिटल उपकरणे येत आहेत, हे चांगलेच आहे. पण काढून टाकलेली उपकरणे जातात कुठे, याची चौकशी होताना दिसत नाही. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार अशा उपकरणांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबायची होती; २०१८ मध्ये करार मान्य करणाऱ्या भारताने ही मुदत २०२५ पर्यंत वाढवून घेतली. मात्र कपाटात आधीपासून असलेल्या उपकरणांचा प्रश्न या बंदीने सुटत नाही.

थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा असतो, तर रक्तदाबमापकाच्या एका पेटीत शंभर ग्रॅमच्या आसपास. मुलाने थर्मामीटर चावून पारा गिळला की घरचे हादरतात. वास्तविक गिळलेला पारा आतड्यांतून फारसा शोषला जात नाही. खरा धोका असतो तो वाफेचा, जिला ना रंग ना वास. साध्या खोलीतही पाऱ्याची वाफ होत राहते आणि श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के अंगात मुरते. अशा हवेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना हातांचा कंप, निद्रानाश, विसराळूपणा आणि मूत्रपिंडाचे विकार जडू शकतात. ही लक्षणे वयावर किंवा ‘टेन्शन’वर ढकलली जाणे सहज शक्य असते.

मी परिचारिका म्हणून जेथे काम केले, तेथे थर्मामीटर फुटला की शिकाऊ मुलींकडून त्याची किंमत वसूल होई. फरशीच्या सांध्यांत शिरलेल्या पाऱ्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नसे. वॉर्डातल्या मावशी तो केरसुणीने लोटत, त्यामुळे एका थेंबाचे असंख्य बारीक थेंब होऊन वाफ वाढतच असे. खरे तर पंखा बंद करून, खिडक्या उघडून, हातमोजे घालून, जाड कागदाच्या कडेने थेंब गोळा करायचे आणि ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचे, एवढेच काम असते. हाच पारा चुकून जाळायच्या दवाखानी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेला, तर भट्टीच्या धुराड्यातून गावाच्या हवेत मिसळतो.

भंगाराचा मार्ग तर त्याहून वाईट. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातील पारायुक्त काच २००१ मध्ये तेथील भंगाराच्या आवारात सापडली, कारखाना बंद पडला आणि माजी कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले.

म्हणून प्रत्येक जिल्ह्यात, खासगी दवाखान्यांसह, पाऱ्याची किती उपकरणे काढली आणि ती कोणाच्या ताब्यात दिली, याची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाने मागवावी. तसेच रक्तदाबमापकांत उघड्या हातांनी पारा भरत आलेल्या दुरुस्ती कारागिरांची आणि सफाई कर्मचाऱ्यांची लघवीतील पाऱ्याची तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत करावी.

— एक निवृत्त परिचारिका, मिरज